निळी रेघ

“बाबा, डिस्क भरलीय. नवा नकाशा मावणार नाही,” म्हणताना तिला हायसं वाटलं. बाबांच्या गाडीतला जीपीएस नकाशा उतरवायला त्यांच्या कॉम्प्युटरला जोडला होता. त्यातल्या जुन्या नकाशात तिच्या नव्या घराचा रस्ताच नव्हता. “उगाच चुकाल, आम्हीच येऊ,” हे ती घर घेतल्यापासून सांगत होती. पाहुण्यांसमोर बाबांचं मोठमोठ्यानं बोलणं नवऱ्याला खपत नाही, असं ती स्वतःला समजवायची. खपत तिलाच नव्हतं. बाबांनी खुर्ची ओढली. कॅसेटवरून हौसेनं उतरवलेल्या श्रुतिकांचा फोल्डर त्यांनी कायमचा उडवला. “बाबा, अहो काय केलंत!” “ऐकून झाल्यात गं. आता बघ मावतोय का.” मावला. बाबांनी चष्मा सावरत तिचा पत्ता न विचारता टाकला. निळी रेघ थेट तिच्या दारापर्यंत गेली. “आता नाही हं चुकणार. मग, कधी येऊ?” मान खाली घालून ती केबल गुंडाळत बसली.