दांडगं इंजिन

इंजिन ज्याचं मोठं, मुलूख त्याचा, हे बीडच्या सुंदररावांचं ठाम मत होतं. मुलूख निजामाचा होता, हा भाग वेगळा. त्यांनी थोरल्या मोटारीचं दांडगं इंजिन दोन माणसांच्या छोट्या मोटारीत बसवून घेतलं, आणि छोटीचं मरतुकडं थोरलीत.

"मग आमी गेवराईला लग्नाला चालत जावं का?" त्यांच्या पत्नी वच्छलाबाईंनी विचारलं.

"तुमी निघा थोरलीतून, हळूहळू. तुमच्या आधी मांडवात पोचलो न्हाई, तर मिशा उतरवीन!"

वच्छलाबाई निघाल्या. सुंदरराव न्याहारी उरकून निघाले, तर वेशीबाहेरच तालुकदारसाहेबांची बैलांची दमणी पुढे लागली. सरकारी स्वारीला मागे टाकायची रयतेला मुभा नव्हती.

"भोंगा वाजवू का, सरकार?" मोटार हाकणाऱ्या धुळाजीनं विचारलं.

"गप बे! साहेब झोपलेत."


सुंदरराव गेवराईत पोचले, तोवर वच्छलाबाईंचं जेवण झालं होतं, आणि न्हावी मांडवातच होता.