शेवटच्या बाटलीतला गाळ

हिंटरलाइख गावाचा आत्मा अकरा वर्षं एका बाटलीत सुखरूप होता. बाटली वाल्बुर्गाच्या तळघरात, बटाट्यांच्या मागे होती.

गावातली बिअरची भट्टी बंद पडली, त्या वर्षीची ही शेवटची गव्हाची बिअर. भट्टी का बंद पडली हे पंचक्रोशीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्युनिकच्या बड्या कंपन्यांनी गळा घोटला.

वाल्बुर्गाचा धाकटा भाऊ कोर्बिनियन शाळामास्तर. त्यानं बाटलीच्या तळाचा गाळ जॅमच्या बरणीत घेतला, त्याला माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड पाणी पाजलं. नवव्या दिवशी बरणीला फेस आला. मेलेलं यीस्ट उठून बसलं. मग आईच्या कपडे उकळायच्या हंड्यात त्यानं निम्मं गव्हाचं, निम्मं जवाचं माल्ट शिजवलं, गार केलं आणि बरणी त्यात रिकामी केली.

महिन्याभरानं पहिली बाटली उघडली. केळ्याचा वास, लवंगेचा वास, आणि मागाहून धुराची बारीकशी झाक. बिअरच्या पुस्तकांत ही झाक कुठंच नव्हती.

"ताई, ही काय भानगड?"

"भानगड काय म्हणतोस मेल्या? गाव आहे ते आपलं," वाल्बुर्गा डोळे पुसत म्हणाली.

ग्लास घरोघर फिरला. ज्यानंत्यानं धूर ओळखला, ज्यानंत्यानं डोळे पुसले. भट्टी पुन्हा पेटवायचं ठरलं. मास्तरांनी शाळेचा राजीनामा देऊनही टाकला. सरपंचांची अट एकच होती. भट्टीचे जुने प्रमुख सेव्हेरिन, वय सत्त्याऐंशी, यांनी घोट घेऊन 'हीच' म्हणायचं. नाही म्हणाले, तर भट्टीच्या किल्ल्या सरपंचांच्याच खिशात आणि मास्तर घरी.

रविवारी चर्च सुटल्यावर अंगण भरलं. पांढरे सॉसेज दुपारी बाराच्या आत संपवायचे, असा तिकडचा रिवाज, त्यामुळे निम्मं गाव घड्याळाकडे बघत होतं. कोर्बिनियननं उंच ग्लास थंड पाण्यानं विसळला, तिरका धरला, सावकाश ओतलं. शेवटची दोन बोटं बाटलीत राखून ती गोल फिरवली आणि ढवळलेला गाळ वरून सोडला.

"हात कापतोय, मास्तर," सरपंच रुपर्ट म्हणाले. "पोरांना नापास करताना बरा स्थिर असायचा."

"तेव्हा माझा निकाल नसायचा, सरपंच."

सेव्हेरिन आजोबांनी घोट घेतला. डोळे मिटले. आणखी एक घेतला. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"हीच का, आजोबा?"

"हीच. शंभर टक्के हीच."

टोप्या उडाल्या. सरपंचांनी किल्ल्या मास्तरांच्या मुठीत कोंबल्या. वाल्बुर्गानं भावाला असं आवळलं की त्याचा चष्मा पडला.

आजोबांनी ग्लास हळूच लांब सरकवला.

"या धुरकट वासापायी आम्ही सहा वेळा भट्टी धुतली, नळ बदलले, हौदच्या हौद गटारात ओतले," ते म्हणाले. "गेला नाही. मग बंद केली."