कपाटातलं ट्रम्पेट

दादाच्या मानेतली गाठ लिम्फोमाची, म्हणजे कॅन्सरची निघाली. डॉक्टर म्हणाले, "एक विषाणू असतो, थुंकीतून पसरतो. बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि जन्मभर गप्प पडून राहतो. क्वचित एखाद्यालाच अशी गाठ व्हायला तो हातभार लावतो. कुणाकडून आला ते शोधत बसू नका."

बाबांनी घरी येऊन नेमकं तेच केलं. ते बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. दादा चार वर्षांचा होता तेव्हा शिकवताना स्वतःच्या ओठांवरून काढून थेट त्याच्या ओठांना लावायचे. त्यांनी ट्रम्पेट कपाटात कोंबलं आणि बँड सोडला.

तिसऱ्या केमोनंतर दादा टकलू होऊन घरी आला. म्हणाला, "बाबा, ट्रम्पेट काढा."

"माझ्यामुळे झालंय तुला हे."

"मग तुम्हाला कुणी दिला तो विषाणू?"

ट्रम्पेट आजोबांचं होतं, बाबांना त्यांनीच शिकवलेलं.

"चला, आधी आजोबांचा फोटो उतरवा भिंतीवरून. शिक्षा काय तुम्हाला एकट्यालाच?"

बाबा खुर्चीवर चढले. फोटोपर्यंत हात नेला आणि तसाच मागे घेतला. मग खाली उतरून त्यांनी कपाट उघडलं.