चाळीस पावलं
साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. ‘डोंगर तपासला’ असा शेरा मारलात, पण तुमचे पोलीस पायवाट सोडून उतरलेच नाहीत. एदुविखेस उतरली, निवडुंगांतून, सळई घेऊन. पोराला शोधायचं हे चौथं वर्ष. सळई वाळूत ठोकायची, उपसायची, टोक हुंगायचं. मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातल्या बेपत्ता पोरांच्या आयांना हीच विद्या येते. “आज काही सापडू नये गं,” ती सोबतच्या निकोलासाला म्हणाली. “मग घरीच रोट्या थापत बसायचं!” निकोलासा हसली. तिचाही मुलगा परतला नव्हता. कोरड्या ओढ्यात सळईला मढ्याचा वास आला. दोघींनी हातांनी उकरलं. बूट निघाला, लाल दोऱ्यानं शिवलेला. एदुविखेसला हायसं वाटलं. तिच्या पोराचा नव्हता. निकोलासा टाक्यावरून बोट फिरवत होती. “माझाच टाका गं.” हायसं वाटल्याची एदुविखेसला लाज वाटली. पायवाटेपासून तिथवर चाळीस पावलं. साहेब, तेवढी का नाही चाललात? बोला.