पहिल्या दिवशी बोलायचं नाही

बाईंनी ‘बोली बदला’ या बटणावर बोट नेलं आणि पुन्हा मागे घेतलं. शिकवणीच्या कामासाठी काल पाठवलेली बोली पडद्यावर तशीच होती: दोन पदव्या, उभा जन्म पहिलीच्या वर्गावर, वर आदर्श शिक्षिकेचं पदक.

कामं देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या त्या संकेतस्थळावरची जाहिरात अगदी साधी होती. ‘घरातल्या एकाला अक्षरओळख करून द्यायची आहे. अगदी पहिल्यापासून. ऑनलाइन. कॅमेरा बंद.’ नावगाव काही नाही. बोली लावणारे मात्र ढीगभर, आणि बहुतेक बाईंपेक्षा स्वस्त.

निवृत्तीनंतर पोरं दिसत होती, पण ‘बाई’ म्हणून हाक मारणारं त्यांत कुणी नव्हतं. हे एक लेकरू आपल्याला मिळावं, एवढंच त्यांना हवं होतं.

सकाळीच तिकडून निरोप आला होता, बोलता बोलता टिपून घेतल्यासारखा सलग: ‘एवढ्या पदव्या ऐकून धडकी भरली हो कुणीतरी साधं हवं’.

“घाबरट दिसतंय लेकरू,” बाई पुटपुटल्या. त्यांनी पदव्या खोडल्या, पदकही खोडलं. पुढे काय लिहावं ते काही सुचेना.

दुपार पेंगुळली होती. खिडकीच्या पडद्यातून झिरपलेल्या उन्हात भुश्शाचे कण तरंगत होते. वहिनी गेल्यावर थोरले भाऊ, दादा, बाईंकडे राहायला आले ते सुतारकामाचा वास सोबत घेऊनच. बैठकीतलं बंद पडलेलं घड्याळ त्यांनी चालतं केलं होतं, फक्त टोला देण्याआधी ते म्हाताऱ्यासारखा घसा खरवडायचं.

आता ते खिडकीशी बसून एका फळीवरून हात फिरवत होते. शेजारी पेपर घडीतच पडला होता.

“अजून उघडला नाहीस?”

“तू वाचून दाखव. तुझ्या तोंडून बातमीसुद्धा गोष्टीसारखी वाटते.”

“वहिनीनं लाडावून ठेवलंय तुला.”

“ठेवलंय खरं,” दादा म्हणाले.

“बरं, एक सांग. नवं पोर वर्गात तोंडच उघडत नसेल तर काय करावं?”

“मास्तरीण तू की मी?”

“सांग ना.”

दादांनी फळी उन्हातून सावलीत सरकवली. “नवं लाकूड आणलं की लगेच रंधा मारत नाही, चिमे. आधी नुसतं ठेवायचं. खोलीची हवा घेऊ द्यायची. घाई केली की पुढे वाकतं ते.”

बाई हसल्या. मग त्यांनी टाइप केलं: ‘पहिल्या दिवशी बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. नवं लाकूड आधी खोलीची हवा घेतं, तसं. चुकलं तरी मी हसणार नाही.’ रकमेला हात न लावता त्यांनी बदललेली बोली पाठवून दिली.

दादा नेहमीसारखे फोन कानाला लावून आपल्या खोलीत पडायला गेले. दुपारी ते गाणी ऐकत. थोड्या वेळानं दाराआडून त्यांचं हसू ऐकू आलं.

संध्याकाळी निरोप आला: ‘तुम्हीच शिकवा’.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठेवणीतले कपडे घालून, कानाला हेडफोन लावून बाई पाटी घेऊन बसल्या. पडद्यावर पलीकडचा काळा चौकोन होता.

“बाळा, आज तू काही बोलायचं नाहीस हं. मी एक अक्षर काढते. तू ते नुसतं बोटानं हवेत गिरव.”

बैठकीतल्या घड्याळानं घसा खरवडून टोले दिले. क्षणभरानं हेडफोनमध्येही एका घड्याळानं तस्साच घसा खरवडला.

बाईंचा हात पाटीवर थबकला. दादांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. फटीखालून उन्हाची एक पट्टी बाहेर आली होती. आता फोन कट होईल म्हणून त्या थांबून राहिल्या. तो झाला नाही.

त्यांनी पाटी पदरानं नीट पुसली.

“आधी हजेरी घेऊ या,” त्या हळूच म्हणाल्या.

पलीकडे कुणीतरी खाकरलं.

“हजर, बाई,” दादा म्हणाले.