कॉफीची घंटा

हॉलमध्ये सगळे डोळे मिटून रेकॉर्डवर स्वीडनच्या डोंगरातल्या बायकांची हाक ऐकत होते. चरायला गेलेल्या गाईंना घरी बोलवायची ती हाक. "हा आवाज पोटातून येतो," श्रीरंग पाहुण्यांना समजावत होता. "डोंगर ओलांडून जातो. आपल्याकडे अशी हाक उरलीच नाही."

स्वयंपाकघरात कप मांडणाऱ्या त्याच्या बायकोला, शालनला, शिसारी आली. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिनं गॅलरीतून खाली उभ्या असलेल्या श्रीरंगला हाक मारली होती. माहेरी सड्यावर, गावाबाहेरच्या कातळी माळावर, चरणाऱ्या म्हशींना बोलवायची तशीच, गळा मोकळा सोडून. सगळी सोसायटी वर बघायला लागली. "हे गावठी ओरडणं इथं चालणार नाही," तो घरात येऊन म्हणाला होता. तेव्हापासून तिचा आवाज दाराबाहेर गेला नव्हता. आणि आता हाच माणूस मिटल्या डोळ्यांनी मान डोलावत होता.

तेवढ्यात हॉलमधून घंटा वाजली. स्वीडनहून आणलेली, गाईच्या गळ्यातली. कॉफी हवी असली की श्रीरंग ती हलवायचा. "ओरडावं लागत नाही," त्यानं सांगितलं, तसे पाहुणे कौतुकानं हसले.

शालननं उचललेला ट्रे पुन्हा ओट्यावर ठेवला. पदर खोचला, छाती भरून श्वास घेतला आणि सड्यावरची ती हाक मारली. फळीवरची भांडी थरथरली. हॉलमधली रेकॉर्डवरची स्वीडिश बाई ऐकूच येईना.

पाहुणे एकेक करून उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी मुकाट येऊन उभे राहिले. सगळ्यात शेवटी श्रीरंग आला. घंटा त्याच्या हातातच होती, आणि चालताना वाजत होती.