न दुखणारा गुडघा

“दुखतं?” मोठ्या डॉक्टरांनी विचारलं. डोळे कॉम्प्युटरवरच होते.

“छे!” शिंपीणबाई म्हणाल्या.

“चालून दाखवा.”

बाईंनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत असा झोकात फेरा मारला, की दाराशी उभा असलेला, कृत्रिम गुडघे बनवणाऱ्या कंपनीचा टायवाला टाळ्या वाजवायचाच बाकी राहिला.

“जिना चढता?”

“चढते, उतरते. दिवसभर पायानं शिलाई मशीनही चालवते.”

“मागच्या खेपेसारखंच. उत्तम!” डॉक्टर टायपत म्हणाले. “एक्स-रे काढायचा का?”

हा प्रश्न बाईंना नव्हता, टायवाल्याला होता.

“दुखत नाही म्हणतायत तर कशाला, सर? या गुडघ्याच्या अभ्यासाचा खर्च आम्हीच करतोय.”

ज्याच्या हाती ससा तो पारधी. एक्स-रे राहिला.

बाहेर बाकावर पोस्टमनदादा बसले होते. त्यांच्या पायात याच कंपनीचा गुडघा. तो दुखतो असं त्यांनी एकदा बोलून दाखवलं आणि अभ्यासातून त्यांचं नाव गळालं. कारण काय, तर म्हणे वजन जास्त! आणि पोस्टमनदादा तर असे, की पंखा लावला तर खुर्ची घट्ट धरून बसावं.

“काय सांगितलंत आत?” त्यांनी विचारलं.

“झकास आहे म्हटलं.”

“खोटं बोललात!”

“तुम्ही खरं बोललात, दादा. काय झालं?”

दादांनी काठी जमिनीवर आपटली आणि तोंड फिरवलं.

घरी थोरली ताई पलंगावर उशीला टेकून शर्टाला काज करत होती. अंथरूण सुटत नव्हतं, पण सुई आणि जीभ दोन्ही धारदार. हा सगळा बेत तिचाच.

“बोलावलं?” तिनं विचारलं.

“बोलावलं. परिषदेत, स्टेजवर. देशभरचे डॉक्टर येणार. त्यांनी मान डोलावली की हाच गुडघा सगळ्या सरकारी दवाखान्यांत बसवणार.”

ताईनं दातांनी दोरा तोडला. “म्हणजे आपल्याला संधी ही एकच. कण्हणाऱ्याला ही माणसं दारातूनच परत धाडतात. माईक मिळतो तो हसणाऱ्याला. तेव्हा माईक हातात येईपर्यंत हसायचं.”

“आणि आल्यावर?”

“आल्यावर सगळं ओकायचं. रात्री कूस बदलली की आत खडा घासल्यासारखा आवाज होतो, ते सांग. पाय सुजून खांब होतो, ते सांग. आणि बाहेर रक्त तपासलं तर त्यात गुडघ्याचा धातू निघाला, ते तर सगळ्यात आधी. विसरशील!”

“नाही गं विसरत.”

“तुझा काय भरवसा? चार माणसं दिसली की तुझी बोबडी वळते.”

मग रोज तालीम सुरू झाली. उलथन्याचा माईक, आणि समोर ताई एकटीच सगळे डॉक्टर. खवचट प्रश्न विचारी, मध्येच खोकून दाखवी, खोटं खोटं घोरेसुद्धा.

“थोडंसं दुखतं काय? थोडंसं!” ती कडाडे. “कुत्रं चावून सोडतच नाही तसं दुखतं, असं म्हण!”

एकदा बाई रडकुंडीला आल्या. “ताई, मला नाही जमायचं. हसतील गं मला.”

“हसू देत. हसणाऱ्यांच्या आयांना तरी तो गुडघा बसणार नाही. ऊठ, पहिल्यापासून म्हण.”

बाई उठल्या. पहिल्यापासून म्हणाल्या.

परिषदेच्या आदल्या दिवशी टायवाला घरी आला. बाईंसाठी नवे बूट आणि पाठ करायला चार गोड वाक्यं घेऊन. पलंगाकडे पाहून त्यानं आवाज मऊ केला. “या कोण, मावशी?”

“माझी ताई.”

“अरेरे. काय झालं यांना?”

“वय झालं, बाबा,” ताई म्हणाली.

“अहो, मग यांनाही आमचा गुडघा बसवू की! धावतील.”

“नको रे,” ताई गोड हसली. “एका घरात एक पुरे.”

दुसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. बाईंचं नाव पुकारलं गेलं. ओठ घट्ट मिटून, कठड्याला हातही न लावता त्या स्टेजच्या पायऱ्या चढल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला.

“पाहा!” मोठे डॉक्टर म्हणाले. “हा आपला गुडघा! बोला मावशी, मोकळेपणानं बोला.”

माईक हातात आला. समोर डोकीच डोकी. टायवाला पहिल्या रांगेतून ओठ हलवून पहिलं गोड वाक्य सुचवत होता.

बाईंनी डोळे मिटले आणि बोलायला सुरुवात केली. रक्तातला धातू. खडा. खांबासारखा पाय. सोडतच नाही ते कुत्रं. काही म्हणजे काही राहिलं नाही.

टायवाला उठून माईक बंद करायच्या खुणा करू लागला. पण मोठे डॉक्टर मुरलेले. त्यांनी हातानंच त्याला खाली बसवलं आणि दिलखुलास हसले.

“मावशी थट्टेखोर आहेत हं! मंडळी, आत्ता तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. वर्षभर मीही पाहतोय. इतकं दुखत असेल तर माणूस अशा पायऱ्या चढेल का?”

हशा पिकला. मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टीही मारली. बाईंचा चेहरा लाल झाला, पण माईक काही त्यांनी सोडला नाही. खाली वाकून त्यांनी कपडा वर घेतला. आधी एका गुडघ्यावरून, मग दुसऱ्यावरून. दोन्ही गुडघे दिव्याखाली लखलखीत दिसत होते. ना टाका, ना व्रण.

“नाहीच चढणार, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर ती पलंगावर आहे. तुम्ही गुडघा बसवलात तो माझ्या ताईला. वर्षभर तपासलात तो माझा.”